वजनात बाद: शून्य

भूक ही तोलल्याशिवाय सिद्ध होत नाही. पोटात कावळे ओरडतात असे लोक म्हणतात, पण कावळ्यांसाठी कोणत्याही तक्त्यात रकाना नाही. त्यामुळे यंदा शाळकरी मुलांना सकाळची मोफत न्याहारी देण्याआधी भुकेची खात्री करून घ्यायचे शासनाने ठरवले, हे फार बरे झाले. नाहीतर एखादे जेवलेले पोर फुकटात अंडे खाऊन गेले असते आणि राज्य बुडाले असते.

परिपत्रक एकोणीस पानांचे आहे. (न्याहारीचा उल्लेख सतराव्या पानावर.) सार असे की, पथक येऊन मुलांची वजने घेणार. वयाच्या मानाने एक जरी मूल कमी भरले, तरी सगळ्या शाळेला वर्षभर दूध, अंडे आणि नाचणीची पेज. एकही कमी भरले नाही तर न्याहारी नाही. तिच्याऐवजी गावाच्या वेशीवर 'उपासमारमुक्त गाव' असा फलक. मूल स्वतः होऊन 'भूक लागली' म्हणाल्यास तो तोंडी पुरावा ग्राह्य धरू नये, असेही एक कलम आहे.

आता आमचे गाव उंब्रजच्या अलीकडचे, घरटी एक माणूस फौजेत असलेले. गेल्या वीस वर्षांतले भरतीचे आकडे असे: धावण्यात बाद नऊ, छातीत बाद चार, वजनात बाद शून्य. हे शेवटचे यश निवृत्त सुभेदार नाथाजींचे. उमेदवार हलका वाटला की काट्यावर चढण्याआधी त्याला केळी चारायची आणि वर तांब्यांनी पाणी पाजायचे, ही त्यांची पद्धत. तेव्हा पथक येणार म्हटल्यावर गावाने एकमताने नाथाजींकडे पाहिले. शाळा समितीचा सदस्य या नात्याने ठरावाला अनुमोदन मी दिले.

विरोध एकट्या मुख्याध्यापिका प्रियदर्शनीबाईंचा. त्या कवठे महांकाळच्या. (दुष्काळी भागातल्या माणसांना भुकेची म्हणावी तशी लाज नसते.)

"आबा, वजन कमी भरलं तरच न्याहारी मिळणार आहे," त्या नाथाजींना म्हणाल्या. "आपल्या शाळेत निदान सात मुलं रोज उपाशी येतात. तिसरीतली सृष्टी तर परिपाठाला चक्कर येऊन खाली बसते."

"आवं बाई," नाथाजी म्हणाले, "म्हंजी आमच्या गावची पोरं उपाशी हायती, असं आमीच लिवून द्यायचं व्हय? उद्या पोरींची लग्नं कशी जमायची?"

या प्रश्नाला परिपत्रकात उत्तर नव्हते.

या सृष्टीविषयी थोडे. ती आजीजवळ राहते. आजी, मनुबाई, सकाळी सहाला दुसऱ्याच्या उसात तण भांगलायला जाते, आणि घरात चूल पेटते ती संध्याकाळी. म्हणजे मूल उपाशी नसते, फक्त त्याच्या जेवणाची वेळ शाळेच्या वेळेशी जुळत नाही.

वजनाच्या दिवशी सरपंच हंबीररावांनी चौदा डझन केळी आणवली. मुले एकेचाळीस, दरडोई चार केळी, दोन तांबे पाणी. (उरलेली चार पथकातल्या दोघांना दिली. त्यांचे वजन करण्याची तरतूद नाही.) वजन होईपर्यंत कोणीही मुतारीकडे फिरकायचे नाही, असा हुकूम होता. पहिलीतल्या साईराजकडून रांगेतच शिस्तभंग झाला, तेव्हा त्याला आणखी एक तांब्या पाजून भरपाई करण्यात आली. बाकी पोरे टम्म फुगून सावधान उभी होती. काय शिस्त! माझा ऊर भरून आला.

चाळीस मुले सुटली आणि सृष्टी काट्यावर चढली. तिला हवे होते वीस किलो. काट्याने दाखवले वीस. टाळ्या वाजणार, तेवढ्यात पथकातल्या साहेबांना तिच्या फ्रॉकचा खिसा फुगलेला दिसला. आत चौथे केळे होते.

"सामान काढून ठेवा," साहेब म्हणाले. केळे काढले. एकोणीस किलो नऊशे ग्रॅम.

इथे नियमाची बारीकी पाहावी. खिशातले केळे हे सामान, पोटातले केळे हे वजन. प्रियदर्शनीबाई घाईघाईने म्हणाल्या, "साहेब, भरलं नाही. लिहून घ्या." साहेबांनी पेन उघडलेही होते. शंभर ग्रॅमसाठी गावाची अब्रू टांगणीला लागली, आणि एकेचाळीस पोरांची वर्षभराची अंडी जवळजवळ मंजूर होत होती.

"खा गं पोरी ते," नाथाजी म्हणाले.

"ते आजीला ठेवलंय," सृष्टी म्हणाली.

"आजीला मी दुसरं दीन. खा तू."

तिने एकदा बाईंकडे पाहिले, एकदा आम्हा सगळ्यांकडे. मग सोलले आणि उभ्या उभ्या खाल्ले, अगदी सावकाश. खाताना ती रडत होती, पण रडण्याने वजनात फरक पडत नाही. काटा वीसवर आला. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

एकेचाळीसपैकी एकेचाळीस पास. महिन्याभरात वेशीवर फलक लागला, त्याचे उद्घाटन झाले, नाथाजींना फेटा बांधला. (आजीचे केळे तेवढे गडबडीत राहून गेले.) वजनाच्या दुसऱ्याच दिवशी सृष्टीने बाईंना विचारले होते, "बाई, परत कवा मोजणार?" बाईंनी परिपत्रक पाहून सांगितले, पुढच्या वर्षी. मग त्या फळ्याकडे वळल्या आणि त्यांनी तारीख लिहिली.

आता वाचकहो, आपल्याविषयी. आपण चौदा डझनांचा हिशेब नीट लावलात, नाथाजींना हसलात, सृष्टीसाठी हळहळलात. पण केळी आणि पाणी वजा जाता त्या पोरीचे वजन किती होते, हे मी वर कुठेही लिहिलेले नाही आणि आपणही विचारले नाहीत. साहेबांनीही विचारले नव्हते. आपण पास.