ओढ्याला हरकत

इमारतीतल्या चोवीस बिऱ्हाडांपैकी तेवीस जणांनी सह्या केल्या होत्या. राहिले होते तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मुद्रितशोधक काका. वाहनतळाखाली चाळीस वर्षांपूर्वी गाडलेला ओढा उघडा करायचा, तर वरच्या प्रत्येक घराची लेखी संमती हवी, असा नियम होता. काकांना ओढा मनापासून हवा होता. पेनही उघडलं होतं.

"सही केली की झालं ना?"

"झालं. मग परत त्रास द्यायला येणार नाही," ओढ्याच्या खात्यातल्या अभियंताबाई म्हणाल्या.

बायको जाऊन सहा वर्षं झालेल्या माणसाला हे वाक्य फार लागलं. काकांनी पेनाला टोपण लावलं.

"पण डासांचं काय?"

हरकत आली की संबंधित खात्याने घरी येऊन खुलासा करायचा, असाही नियम होता. पुढच्या मंगळवारी बाईंबरोबर डासवाले आले. त्यांचं म्हणणं पटतंय तोच काकांना ओल आठवली. ओलवाले भिंती ठोकून गेले, तर गाड्या कुठे लावायच्या हा प्रश्न निघाला. काकांकडे गाडीच काय, सायकलही नव्हती. एकदा तर बेडकांच्या आवाजासाठी आवाजवाले यंत्र घेऊन आले. खुर्च्या कमी पडू लागल्या. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलेल्या माणसाला हरकतींची काय वानवा! गृहस्थ भलतेच खुशीत होते.

मग बाईंचा फोन आला.

"काका, जिंकलात तुम्ही. एकोणीस हरकती झाल्या. साहेबांनी 'तीव्र जनविरोध' असा शेरा मारून फाईल बंद केली."

"जनविरोध? अहो, मी एकटाच आहे!"

"मी सांगितलं तसं. पण आमच्याकडे हरकती मोजतात, माणसं नाही."

मंगळवारी काका दाढी करून बसून राहिले. कोणी आलं नाही. त्यांना भयंकर एकटं वाटलं, आणि वर लाजही वाटली. त्यांच्यापायी बिचारा ओढा दुसऱ्यांदा गाडला गेला होता. शेवटी ते स्वतःच कार्यालयात गेले.

"मला ओढा हवाय."

"मग इतके दिवस कशाला..." बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि प्रश्न सोडून दिला. "नवा अर्ज करावा लागेल. अर्जदारानं स्वतः घरोघर जाऊन सह्या आणायच्या."

काकांना घाम फुटला. इतकी वर्षं राहूनही एकाही शेजाऱ्याशी त्यांचं धड बोलणं नव्हतं. दुसऱ्या दिवशी धीर करून त्यांनी बरोबर खालच्या घराची बेल वाजवली. दार एका निवृत्त परिचारिकेने उघडलं.

"ओढ्यासाठी सही हवी होती," काका चाचरत म्हणाले. "मागे केलीत, तशीच."

"मागे केली तीच चूक झाली."

"का? ओढा नको?"

"हवाय हो. पण मी आपली पटकन सही करून मोकळी झाले, आणि नंतर इकडे कुणी फिरकलंच नाही. तुमच्याकडे मात्र दर मंगळवारी रीघ! वर खुर्च्या सरकायच्या, आणि मी खाली ऐकत बसायची." त्यांनी दार पूर्ण उघडलं. "या वेळी मला हरकती आहेत. आत या, बसा."