सुगंधाकाकूंचं हाऊ आर यू

"आई, तिनं हाऊ आर यू विचारलं की डोळे मिटून आय ॲम फाइन म्हणायचं. पुढे एक अक्षर नाय."

सून मेघाली सकाळी एवढं बजावून वेफर तळायला गेली होती. तेव्हापासून सालवड गावातल्या बचत गटाच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुगंधाकाकू खुर्चीवर बसून तेच वाक्य घोटत होत्या. उच्चाराची अडचण नव्हतीच. अडचण अशी, की तीन दिवस गुडघा ठणकत होता आणि यंदा चातुर्मासात काकूंनी खोटं न बोलण्याचा नेम धरला होता.

"गुडघा दुखतोय तर मी फाइन कशी?" त्यांनी कालच विचारलं होतं.

"ते असंच म्हणायचं असतं, आई. तिला तरी कुठे ऐकायचं हाय?"

"ऐकायचं नाय तर विचारते कशाला?"



येणार होत्या मार्टा मॅडम, तारापूरच्या एका कारखान्यात नव्यानं आलेल्या परदेशी मॅनेजर. कॅन्टीनसाठी बचत गटाचे केळ्याचे वेफर घ्यायचे की नाही, हे त्या आज ठरवणार होत्या. घेतले तर सात जणींना घराजवळ बारमाही काम. नाही तर पुन्हा कंपनीच्या पॅकिंगमध्ये बारा बारा तास उभं राहणं. काकू वयानं थोर म्हणून अध्यक्ष, आणि अध्यक्ष म्हणून स्वागत त्यांच्या गळ्यात.

अकराला गाडी आली. मॅडमसोबत कॅन्टीनचा सुपरवायझर प्रफुल्ल होता.

"हॅलो. माय नेम इज सुगंधा," काकू म्हणाल्या. हे खरंच होतं, त्यामुळे सुरळीत पार पडलं.

"नाइस टु मीट यू. हाऊ आर यू?"

काकूंनी डोळे मिटले. ते बराच वेळ मिटलेलेच राहिले.

"नॉट फाइन," त्या अगदी हळू, देवापुढे बोलावं तशा म्हणाल्या. "नी पेन. थ्री डे. नाइट नो स्लीप."

मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थिजलं. जन्मभर त्यांनी हजारोंना हे विचारलं असेल, पण कुणी खरोखर सांगेल याची तयारी दिसत नव्हती.

"वहिनी, प्लेट आणा, प्लेट," प्रफुल्ल पुटपुटला.

मेघालीनं धावत वेफर पुढे केले. मॅडमनी एक खाल्ला, दुसरा खाल्ला. "व्हेरी गुड. ऑलवेज लाइक धिस?"

मेघाली "येस" म्हणेपर्यंत काकूंची मान हललीसुद्धा. "नो. थर्सडे बर्न. शालू फोन टॉकिंग."

कढईपाशी शालूचा झारा हवेतच राहिला. "काकू, माझं नाव कशाला आता?"

"व्हेअर आर दोज पॅकेट्स?" मॅडमनी विचारलं.

"गिव्ह काऊ," काकू म्हणाल्या. आणि अर्धंच खरं सांगितल्यासारखं वाटून त्यांनी जोडलं, "काऊ आल्सो नो ईट."

मॅडमनी डायरीत काहीतरी लिहिलं. "लव्हली मीटिंग यू. वुई विल बी इन टच."

"म्हणजे संपलं," प्रफुल्ल कुजबुजला. "नाय म्हणायच्या आधी असंच बोलतात हे लोक."

मॅडम गाडीत बसल्या. पाहुणीला निरोप न देता जाऊ द्यावं, हे काकूंना बरं वाटेना. रोज दुपारी गल्लीतली पोरं शाळेच्या गाडीतून उतरताना एकमेकांना काहीतरी ओरडतात, ते त्यांच्या ओठावर आलं. "सी यू टुमॉरो," त्या म्हणाल्या, आणि गाडी गेली.

"काय बोललात ठाऊक हाय का? उद्या भेटते म्हणालात," मेघालीनं कपाळाला हात लावला.

काकू मटकन खुर्चीत बसल्या. "उद्या? मी बोलले असं?"

"जाऊ द्या. असंच असतं ते."

"तुझं सगळंच असंच असतं गं."

संध्याकाळी प्रफुल्लचा फोन आला. "वहिनी, ऑर्डर दिली मॅडमनी. पण अट हाय. दर खोक्यावर काकूंची सही पाहिजे. दुसऱ्या कुणाची चालणार नाय म्हणतात." मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "काकूंचा नेम कधी संपतो?"

"कार्तिकी एकादशीला."

"जरा वाढवता येतो का बघा ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मेघाली अंगणात आली, तर काकू गुडघ्याला पट्टी बांधून चपला घालत होत्या.

"आई, ऑर्डर मिळाली आपल्याला. आता कशाला जाता?"

"ऑर्डर गटाला मिळाली," काकू म्हणाल्या. "भेटते म्हणाले ती मी."

आणि एक एक पाऊल जपून टाकत त्या तारापूरच्या रिक्षांकडे निघाल्या.