यादीच्या तळाशी थोरली

कुमासी शहराच्या आसाफो भागात दुसऱ्या मजल्यावर एक कंपनी होती, आणि त्या कंपनीत फ्रिम्पाँगइतका आत्मविश्वास कुणापाशीच नव्हता. हे तो स्वतःही मान्य करायचा. कंपनीचं अ‍ॅप अंत्यविधीची निमंत्रणं पाठवायचं. कोण गेलं, कुठं जमायचं, लाल-काळं नेसायचं की पांढरं-काळं, सगळं एका फटक्यात शेकडो फोनवर. कुमासीत शनिवार म्हणजे अंत्यविधी, त्यामुळे धंद्याला मरण नव्हतं.

कोडला माणसांसारखी नावं द्यायची कल्पना फ्रिम्पाँगचीच. आकड्यांना काय चव असते, असं त्याचं म्हणणं. रेपोमध्ये, म्हणजे कोडच्या कोठारात, अर्धवट कामांच्या ब्रँच असतात, त्यांना तिथल्या मुलांसारखं जन्मवाराचं नाव मिळे: शुक्रवारी सुरू झाली ती कोफी, शनिवारची क्वामे. काम पुरं होऊन आवृत्ती तयार झाली की तिला टॅग लागायचा, तो मात्र भावंडांच्या क्रमाने. पहिली पिएसी, म्हणजे थोरली. दुसरी मनू, तिसरी मेन्सा, असं करत करत दहावी बादू. ही बादू नुकतीच तयार झाली होती.

त्या शुक्रवारी सकाळी मालकीण मॅडम सेर्वांनी सांगितलं की आवृत्त्या सोडण्याच्या कामाचा प्रमुख आज ठरेल. फ्रिम्पाँग किंवा डुफी. डुफी चाचण्या घ्यायची. ती बोलायची कमी आणि बघायची जास्त, म्हणून फ्रिम्पाँग तिला मोजत नसे. ते पद आपल्याच खिशात आहे असं धरून तो नवा शर्ट घालून आला होता.

परीक्षा बघायला समोर नाना जासी बसले होते. मॅडमच्याच कुळातले वडीलधारे. त्यांची मावशी वारली होती, उद्या अंत्यविधी होता, आणि सांतासीचं मैदान आयत्या वेळी दुसऱ्याच मयताला दिलेलं निघालं. आता सगळं बांतामाला हलवलं होतं. कुळातल्या चारशे बारा जणांना हे दुपारच्या आत कळायला हवं होतं. नाहीतर उद्या आपलं अख्खं कुळ भलत्याच माणसासाठी रडून परत येईल, या काळजीने नानांनी सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता.

"बादू सर्व्हरवर चढवायची आणि संदेश सोडायचा," मॅडम म्हणाल्या. "नानांसमोर. कोण करतंय?"

डुफी हळूच म्हणाली की आधी टॅगची यादी काढून नजर टाकू. फ्रिम्पाँग हसला. त्याने मागच्या नोकरीतून एक छोटी स्क्रिप्ट आणली होती: यादी काढायची, शेवटचा टॅग उचलायचा, ती आवृत्ती चढवायची, संदेश सोडायचा. माणसाने मध्ये बोट घालायचं नाही. तिथं टॅगना तारखांची नावं असत, आणि तीन वर्षांत ती स्क्रिप्ट एकदाही चुकली नव्हती.

"यादी बघायची पाळी कच्च्या हाताच्या माणसावर येते," तो म्हणाला. "नाना, तुम्ही नुसते डोळे मिटा आणि उघडा. काम झालेलं असेल."

नाना भाबडे. त्यांनी खरंच डोळे मिटले. उघडले तोवर त्यांचाच फोन वाजला, कारण कुळाच्या यादीत तेही होते. त्यांनी चष्मा लावून संदेश वाचला, मॅडमकडे पाहिलं, पुन्हा वाचला.

"सेर्वा," ते म्हणाले, "तू कधी गेलीस गं?"

यंत्राला थोरलं-धाकटं कळत नाही. त्याने नावं रोमन अक्षरांच्या क्रमाने लावली. बी-वाली बादू वरच्या बाजूला जाऊन बसली आणि पी-वाली पिएसी गेली तळाला. म्हणजे चढली ती सगळ्यात पहिली, चाचणीपुरती केलेली आवृत्ती. तिच्यात मयताचं नाव बदलायची सोयच नव्हती. त्या वेळी चाचणीसाठी मरायला ऑफिसात कुणी तयार होईना, तेव्हा मॅडमनीच आपलं नाव दिलं होतं, मरणाला भिऊन धंदा होत नाही असं म्हणत. जमायचं ठिकाण म्हणून ऑफिसचा पत्ता घातला होता. वेळ: ताबडतोब.

फ्रिम्पाँगने चेहऱ्यावरची रेषा हलू दिली नाही. पाच मिनिटांत दुरुस्तीचा संदेश जाईल, असं त्याने जाहीर केलं. पण एका कुळाला एका दिवसात एकच संदेश, असा नियम पिएसीपासून बादूपर्यंत सगळ्यांत होता. एका दिवशी दोनदा कोण मरतं, हा विचार त्यामागे होता, आणि तोही फ्रिम्पाँगचाच.

तोवर मॅडमचा फोन थांबेना. माम्पाँगच्या मामांनी विचारलं, सेर्वाचा फोन कोण उचलतंय? मीच, मॅडम म्हणाल्या. मामांनी फोन ठेवला. मेलेल्या माणसाशी बोलायची त्यांची तयारी नव्हती.

अर्ध्या तासात पहिली आली आंटी फोवा. जिन्यापासूनच तिने गळा काढला होता. दारात मॅडमना धडधाकट उभ्या बघून तिने हातातली पिशवी त्यांच्या खांद्यावर हाणली.

"भरल्या बाजारात दुकान बंद करून आले मी," ती म्हणाली, "आणि तू उभी?"

तिच्यामागून लोंढाच लागला. लाल-काळ्या कापडांनी जिना भरला, गल्ली भरली, कुणीतरी भाड्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्याही घेऊन आलं. खाली उतरून फ्रिम्पाँग एकेकाला आवृत्ती म्हणजे काय ते समजावू लागला. लोक त्याचं सांत्वन करत होते. बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणत होते. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी नाना उठले. एका खुर्चीवर चढून त्यांनी हात वर केला. सेर्वा जिवंत आहे, ते म्हणाले, तिच्यासाठीचं रडू उद्याला ठेवा. उद्या मावशीचा अंत्यविधी आहे, सांतासीला नाही, बांतामाला. आले नाहीत त्यांना आलेल्यांनी सांगा. गर्दीने एका आवाजात बरं म्हटलं. आंटी फोवाने मोठ्याने मोजणी केली, तेव्हा चारशे बारातले तीनशे नव्वद हजर भरले. उरलेल्यांच्या घरांची जबाबदारी शेजाऱ्यांनी जागच्या जागी वाटून घेतली. दुपार व्हायला अजून वेळ होता.

वर आल्यावर मॅडमनी दोन वाक्यांत निकाल दिला. प्रमुख डुफी. आणि आजपासून टॅगला नावं नाहीत, आकडे.

फ्रिम्पाँग दुखावला, पण खचला नाही. आकडे तर आकडे, तो म्हणाला, त्यात चुकायला जागाच नाही. नवानंतर दहा येतात हे शेंबड्या पोरालाही कळतं. नानांच्या देखत त्याने दहाही टॅग बदलले आणि या खेपेला यादी स्वतःहून पडद्यावर काढली. वर होता एक. त्याच्याखाली दहा. मग दोन, तीन, चार. तळाशी नऊ. यंत्राने आकडेही अक्षरांसारखेच लावले होते, आधी नुसता पहिला अंक बघून.

नानांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि फ्रिम्पाँगच्या पाठीवर प्रेमाने हात ठेवला.

"बाळा," ते म्हणाले, "मी गेलो ना, की तू आपला चालत जाऊन सांग सगळ्यांना."

डुफीने ते लिहून घेतलं.