जीपला एरंडेल

आमच्या शेजारचे अण्णा वैद्य जीपची नाडी बघायचे. थट्टा नव्हे. रोज सकाळी बॉनेट उघडून, इंजिनावर तीन बोटं टेकवून, डोळे मिटून उभे राहायचे आणि मग गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "मास्तर, आज वात चढलाय." पाणी तापलं की पित्त, पेट्रोल तुंबलं की कफ. चौथा आजार त्यांना मान्यच नव्हता.

औषध मात्र एकच, एरंडेल. "आदी कोठा साफ, मग बाकीचं बघू," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमच्या घरचं शिवणयंत्र कुरकुरायला लागलं तेव्हा त्यांनी त्यालाही चार चमचे पाजले. पुढचे पंधरा दिवस आमच्याकडं जे जे शिवलं गेलं त्याला एरंडेलाचा वास होता. मी तसलाच शर्ट घालून शाळेत शिकवलं आहे.

ही जीप लष्करातून मोडीत निघालेली. बहात्तर-त्र्याहत्तरच्या सुमाराला अण्णांनी ती घेतली, तेव्हा गल्लीला वाटलं, वैद्यांना म्हातारपणी ऐट सुचली. खरं कारण वळसंगच्या पुढं, ओढ्यापलीकडच्या एका वस्तीवर होतं. तिथं त्यांच्या सासूबाई राहायच्या, एकट्या आणि डोळ्यांनी पार अधू झालेल्या. अण्णांची बायको गंगूबाई जाऊन आठ वर्षं झाली होती, पण जावयानं एक गुरुवार चुकवला नव्हता. पीठ, गूळ, चहापत्ती घेऊन हजर.

पावसाळ्यात त्या वस्तीची वाट म्हणजे नुसता काळ्या मातीचा चिखल. चारी चाकांना जोर मिळाल्याशिवाय गाडी निघत नाही. तो जोर देणारा एक छोटा दांडा गिअरच्या शेजारी असतो. ऐन भाद्रपदात, गुरुवारी सकाळी, अण्णांचा तो दांडा हलेना.

अण्णांनी ओढला. मी ओढला. दूधवाल्यानं कासंडी खाली ठेवून ओढला. शेवटी अण्णांनी समोर पाय टेकवून, "हर हर" म्हणत हिसडा दिला, तेव्हा दांड्याची मूठ त्यांच्या हातात आली आणि अण्णा मागच्या सीटवर गेले. दांडा होता तिथंच होता.

"मलावरोध," अण्णा मागूनच म्हणाले. "उन्हाळ्यापासनं दर अमावास्येला एरंडेल देतोय गिअरच्या खालच्या पेटीत. तरी सुटंना."

मग त्यांचा चेहरा एकदम उतरला. "म्हातारी सकाळपासनं उंबऱ्यात बसती, मास्तर. गाडी न्हाय आली तर जेवत न्हाय ती." हे ऐकून माझ्यानं घरात जाववेना.

नवी पेठेच्या गर्दीतून वाट काढत आम्ही उस्मानभाईंच्या गॅरेजात गेलो. अण्णांनी रोग्याचा इतिहास सांगायला सुरुवात केली, पण उस्मानभाई तोवर गाडीखाली शिरले होते. त्यांनी पेटीचं खालचं बूच काढलं. काहीच पडलं नाही. बऱ्याच वेळानं एक काळा, काकवीसारखा घट्ट गोळा लोंबकळत खाली आला. उस्मानभाईंनी त्याचा वास घेतला.

"अण्णा, ये क्या पिलाये इसकू?"

"एरंडेल. शुद्ध. घरी काढलेलं."

"गाडीकू जुलाब देते क्या, अण्णा?"

त्यांनी ती पेटी रॉकेलनं दोनदा धुतली, नवं गिअरचं तेल भरलं, दांड्याची गंजलेली पिन काढून पॉलिश कागदानं घासली, ग्रीस लावलं आणि नवी मूठ बसवली. दुपारी दांडा दोन बोटांनी खट्‌कन बसला.

"बगा!" अण्णा ओरडले. "कोठा साफ झाला का न्हाय? निदान माजंच बरोबर हुतं." उस्मानभाईंनी हातातला पाना हळूच खाली ठेवला आणि ते चहा प्यायला निघून गेले.

"आता तुमी चलाच बरोबर," म्हणून अण्णांनी मला उतरूच दिलं नाही. ओढ्याशी गाडी थांबवून त्यांनी दांडा टाकला, आणि जीप म्हशीसारखी चिखल तुडवत पलीकडं गेली. अण्णा लहान पोरासारखे खूश झाले होते.

म्हातारी उंबऱ्यात होती. गाडीचा आवाज ऐकून चाचपडत उठली.

"आलासा व्हय? लई उशीर केला. आनि गंगी कुटं हाय?"

मी अण्णांकडं बघितलं. अण्णा जराही अडखळले नाहीत.

"येत हुती की, आई. लुगडं नेसून तयार हुती. पन हे आमचं मास्तर ऐन वक्ताला गाडीत बसलं. जागाच न्हाय उरली बगा."

म्हातारी माझ्या दिशेला वळली. "काय वं मास्तर, तुमाला आजच यायचं हुतं व्हय? मागल्या खेपंला त्यो शिंपी बसला. त्येच्या आदी पोस्टमन. माज्या पोरीनं यावं तरी कवा?"

आठ वर्षं! अण्णा खाली मान घालून गुळाच्या पुडीची गाठ सोडत बसले होते, आणि ती त्यांना काही केल्या सुटत नव्हती.

"चुकलं, आजी," मी म्हणालो. "मला कळायला पाहिजे होतं."

"मग आता पुडल्या बेस्तरवारी बसू नगासा."

"नाही बसत."

"आन तिला सांगा, म्हनावं, आई रागावली न्हाय."

"सांगतो," मी म्हणालो.