सूर्यमालेत टँकर येत नाही

शिक्षणाचा मूळ हेतू मुलाला आसपासच्या जगाशी जोडणे हा असल्याने, आसपासचे जग कोणाच्या मालकीचे आहे याची आधी चौकशी करून घेणे इष्ट असते. आमच्या समितीने ती केली नाही.

हिंजवडीत संगणकाच्या कंपन्या आल्या आणि धायरीतल्या आमच्या शाळेला जाग आली. निम्मे पालक आयटीत होते. उरलेल्या निम्म्यांच्या जमिनीवर पहिल्या निम्म्यांचे फ्लॅट होते. (आपले मूल अमेरिकेला जावे याबाबत दोघांचेही एकमत होते. राष्ट्रीय एकात्मता याहून वेगळी काय असते?) संस्थेचे अध्यक्ष सर्जेराव यांनी आधी संगणक घेतले, मग ते ठेवायला वातानुकूलित खोली बांधली आणि शेवटी त्यांचे करायचे काय हे ठरवायला 'एकात्मिक तंत्रज्ञानसमृद्ध अभ्यासक्रम समिती' नेमली. निमंत्रक मी. पात्रता अशी की मी भूगोल शिकवतो आणि माउसला घाबरत नाही.

एकात्मिक म्हणजे पाचवी ते सातवीचे सगळे विषय एकाच सूत्राभोवती शिकवायचे. पूर्वी मूल गणितात नापास होऊन भूगोलात तरून जाई. आता ती विषमता राहणार नव्हती. मी जाडजूड पुस्तिका लिहिली. उद्दिष्टे: विद्यार्थी प्रश्न विचारील, माहिती गोळा करील, स्वतः निष्कर्ष काढील. ही वाक्ये मी वर्षानुवर्षे निरनिराळ्या अहवालांत लिहीत आलो आहे आणि त्यांचा आजवर कोणालाही त्रास झालेला नाही. पहिले सूत्र घेतले 'पाणी'. खडकवासल्याचे धरण जवळ, त्यामुळे सहलीचा खर्च कमी.

समितीच्या दुसऱ्या सदस्य गणिताच्या दीपमाला मॅडम. बाई हुशार, कष्टाळू. दोष एकच, त्यांनी पुस्तिका वाचली. वाचून त्यांनी सातवीच्या मुलांना संगणकावर आलेख काढायला शिकवले आणि आपापल्या इमारतीत पाणी कुठून येते ते विचारून यायला पाठवले.

त्या मुलांत संस्कृती नावाची मुलगी होती. तिचे वडील आनंद मूळचे यवतमाळचे, नोकरी आयटीत, फ्लॅट 'गंगासागर' संकुलात. गंगासागर सर्जेरावांनी बांधलेले. मीही तिथेच राहतो. संस्कृतीने माझीही बेल वाजवली. मी सांगितले, नळ अधूनमधून दर्शन देतो, बाकी टँकर. टँकर कोणाचा, असे तिने विचारले. मी तिच्या चौकसपणाबद्दल तिला शाबासकी दिली आणि दार लावले.

मुलांच्या कामाच्या प्रदर्शनाच्या दिवशी अध्यक्षांसमोर तिचा आलेख पडद्यावर आला. नळाचा निळा खांब बुटका, टँकरचा पिवळा उंच. खाली निष्कर्ष: 'धरण जवळ आहे. टँकरची विहीर त्याहून जवळ आहे. विहीर अध्यक्षांची आहे. नळाला पाणी आले तर विहिरीचे नुकसान होईल. म्हणून ते लवकर येईल असे वाटत नाही.'

यात नवे काहीच नव्हते. टँकर रोज सगळ्यांच्या डोळ्यांदेखत येई. पण माहीत असणे वेगळे आणि दोन रंगांत दिसणे वेगळे.

सर्जेरावांनी मला केबिनमध्ये बोलावले. रागावले नाहीत, चहा मागवला. टेबलावर माझ्या उपमुख्याध्यापकपदाचा प्रस्ताव सहीसाठी होता. (त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही. तो फक्त तिथे होता.)

"सर, पोरीनं खोटं लिवलंय का?"

"नाही, साहेब."

"मॅडमचं शिकवण्यात काय चुकलंय का?"

"नाही. पुस्तिकेप्रमाणेच आहे."

"मंग पुस्तिका कुनी लिवली?"

मी चहाचा शेवटचा घोट घेतला आणि अभ्यासक्रमात सुधारणेला वाव असल्याचे मान्य केले.

समितीच्या बैठकीत मी 'पाणी'ऐवजी 'सूर्यमाला' हे सूत्र सुचवले. सूर्यमाला भव्य आहे, पडद्यावर शोभून दिसते आणि तिथे अद्याप एकाही विश्वस्ताचे बांधकाम नाही. दीपमाला मॅडमनी पुस्तिका मिटून बाजूला ठेवली.

"संस्कृतीला काय सांगू, सर?"

"विषय पूर्ण झाला, असं सांगा."

"म्हणजे पाणी संपलं म्हणू?"

याची नोंद मी इतिवृत्तात घेतली नाही. दोन्ही सूत्रे पालकसभेपुढे ठेवावीत, त्यांनाच ठरवू द्यावे, असा मॅडमचा हट्ट होता. मी लगेच होकार दिला. लोकशाहीचा मी पुरस्कर्ता आहे. तिच्यात दोष सर्वांना सारखा वाटला जातो.

सभेला सभागृह भरले. संस्कृतीने आलेख दाखवला. तिचा एकही आकडा चुकला नाही. आनंदराव पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते. गंगासागरातल्या पार्किंगच्या जागेसाठी त्यांचा अर्ज अध्यक्षांकडे पडून होता. मग दिवे मालवून मी सूर्यमाला लावली. ग्रह फिरू लागले, मागे सतार वाजू लागली, शनी कड्यासह आला. टाळ्या पडल्या. सूत्र एकमताने बदलले.

संस्कृतीला उत्कृष्ट रंगसंगतीचे बक्षीस दिले. ते घेताना तिने विचारले, "सर, उत्कृष्ट निष्कर्षाचं बक्षीस कुणाला?" तशी तरतूद पुस्तिकेत नसल्याचे मी तिला समजावले. सत्र संपताच दीपमाला मॅडम राजीनामा देऊन शनिवार पेठेतल्या एका लहान शाळेत गेल्या. तिथे संगणक नाही. मुले त्यांना काय काय विचारतात, हे आमच्यापर्यंत पोचत नाही, त्यामुळे सगळे ठीक असावे. मी उपमुख्याध्यापक झालो.

एवढे वाचून आपण मला भेकड म्हणत असाल, तर जरूर म्हणा. फक्त त्या सभेत आपणही होतात. मधल्या रांगेत, पंख्याखाली. संस्कृती बोलत होती तेव्हा आपण घड्याळाकडे पाहिलेत, शनी आला तेव्हा सरसावून बसलात, आणि शेवटी हात वर करून सबंध सभेतला एकमेव प्रश्न विचारलात. तो मात्र मी इतिवृत्तात जसाच्या तसा घेतला आहे:

"ते पाण्याचं परीक्षेला नाही ना?"