दारातलं कडं

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी लिलाबाईंनी रांगोळीचा डबा उघडला, तर तळाशी जेमतेम चिमूटभर उरलेली. शिंदखेड्यातली दुकानं सणाची बंद. आणि नणंद धुरपदाबाई पहाटेच्या गाडीनं पहूरहून निघालेली! दारात रांगोळी दिसली नाही तर ती वर्षभर ऐकवणार. त्यात यंदा दिवंगत सासूबाईंच्या नावाची घागर भरून त्यांचं चांदीचं कडं तिच्या हाती घालायचं ठरलं होतं. लिलाबाईंचे यजमान बन्सीलाल हायस्कुलात विज्ञान शिकवत. "उजळून ठेवतो," म्हणून पंधरा दिवसांपूर्वीच त्यांनी ते पेटीतून काढून नेलं होतं.

माळ्यावर शोधताना काळ्या कागदात गुंडाळलेली बरणी सापडली. आत पांढरी, मऊ भुकटी. शाळेतली रांगोळी असेल, उद्या भरून देऊ. सर तर बहिणीला आणायला स्टँडवर गेलेले, विचारायचं कोणाला? लिलाबाईंनी अंगणभर कमळ काढलं, एका कोपऱ्यात घागर ठेवली आणि त्या पुरणाकडे वळल्या.

थोड्या वेळानं शेजारच्या वच्छलाबाईंची हाक आली.

"मास्तरीणबाई, तुनी रांगोळी जांभळी कशी काय व्हयनी वं?"

"काहीतरीच! पांढरीच काढली मी."

"मंग बाहेर ईसन देख!"

कमळ खरंच जांभळं झालं होतं. फक्त घागरीच्या सावलीतली पाकळी तेवढी पांढरी. लिलाबाईंनी पदरानं डोळे पुसले, घागर वीतभर सरकवली आणि तिथेच बसून राहिल्या. पोळी करपल्याचा वास आला तरी उठल्या नाहीत. उन्हात आलेली पाकळी डोळ्यांदेखत जांभळी होत गेली.

"ऊन पितेय ही," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

"देवीनं रूप शे हाई!" जमलेल्या बायकांतल्या भिकुबाईंनी चिमूटभर कपाळाला लावली. पाठोपाठ आणखी चौघींनी लावली. तेवढ्यात रिक्षा थांबली आणि बन्सीलाल सर चालत्या रिक्षातून पडावं तसे उतरले.

"हात लावू नका कोणी! कडं आहे ते!"

धुरपदाबाई मागून उतरल्या. "कोन्तं कडं, भाऊ?"

सरांनी घाम पुसला. "तुझंच. मायचं. त्यात तांब्याची खोट होती, म्हटलं घरीच शुद्ध करू. ॲसिडमध्ये विरघळवलं, मिठाचं पाणी ओतलं, तर दह्यासारखा पांढरा साका बसला. सिल्व्हर क्लोराइड. ते वाळवलं, कुटलं. उन्हात त्यातली चांदी सुटी होते, म्हणून जांभळं पडतं. अंधारात ठेवलं होतं गं मी! जस्त घातलं की चांदी परत. उद्या घालणारच होतो."

"आणि आखाजी आज आली," लिलाबाई म्हणाल्या.

सगळ्या बायका धुरपदाबाईंकडे बघत होत्या. नणंदबाईंची जीभ पहूरपासून इथपर्यंत प्रसिद्ध. पण त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि कमळाशी उकिडव्या बसल्या.

"हाई बठ्ठं मायनं कडं शे?"

"बठ्ठं, सगळंच," सर म्हणाले. "पाच कपाळं सोडून."

घागरीमागे अजून थोडं पांढरं उरलं होतं. धुरपदाबाईंनी त्यावर पंजा टेकवला.

"वहिनी, घागर काढा."

लिलाबाईंनी घागर उचलली आणि पंजाभोवतीचं पांढरं जांभळं होत गेलं. मग धुरपदाबाईंनी हात उचलला. जांभळ्यात पाच बोटांचा पांढरा पंजा उमटला होता, आणि तोही हळूहळू जांभळा व्हायला लागला.

"मायनं कडं इतलं मोठं व्हतं, माले माहीतच नव्हतं," त्या म्हणाल्या. "सांजलोंग कोनी झाडू नका."

झाडलं नाही. दिवस मावळल्यावर सरांनी मोरपिसानं सगळं सुपात भरलं आणि ओला कापूस घेऊन पाच घरी कपाळं पुसत फिरले. जळगावच्या सोनारानं त्या चांदीचं नवं कडं घडवलं, जुन्याहून थोडं बारीक. धुरपदाबाईंनी ते हातातून कधी काढलं नाही.

पुढच्या आखाजीला त्या दारात आल्या त्या रुमालाची गाठ सोडतच. आत त्यांचे स्वतःचे लग्नातले पैंजण होते.

"भाऊ, याना रांगोळीमा मोर व्हई का?"

सर आशेनं बायकोकडे वळले. आता हीच काय ती नको म्हणेल.

लिलाबाईंनी त्या वर्षी रांगोळी आणलीच नव्हती.