दिशाचे दोन महिने

शहापूरच्या डॉक्टरांनी दिशाला तपासलं आणि रेश्माला समजावलं, "मुलगी दोन महिने आधी जन्मली. रांगणं, उभं राहणं बघताना ते दोन महिने वजा करायचे. सोमवारी वर्षाची होत असली तरी या हिशेबाने ती दहा महिन्यांचीच. उभी राहत नाही म्हणून घाबरू नका."

रेश्माचा जीव भांड्यात पडला. शेणवे गावात घरी येऊन तिने हे सासूला सांगितलं, आणि हौसा उखडली.

"वजा करायचे? काचेच्या पेटीतून घरी आणली तवा मी तिला छातीशी धरून बसलेली. ते दिस कुठं गेले?"

"आई, ते फक्त वाढ बघायला."

"वर्षाची म्हंजे वर्षाची. वाढदिवस सोमवारीच. सगळ्यांना बोलव."

सगळ्यांत शेजारची प्रेमाही आली. आपली नात नवव्या महिन्यात चालली, हे तिने गावात कुणाला सांगायचं बाकी ठेवलं नव्हतं. ती भिंतीला टेकून पाय पसरून बसली.

"वर्षाची झाली ना? मग उभी राहते?"

"राहते," हौसा म्हणाली. रेश्मा सासूकडे बघतच राहिली.

"दाखव की."

हौसाने दिशाला पिंपाला धरून उभं केलं. ती मटकन खाली बसली.

"पिंप गार हाय," हौसा म्हणाली.

मग खाटेला धरून केलं. परत बसली.

"खाट हलते."

रेश्माच्या नवऱ्याने, हरेशने तिच्या कानात विचारलं, "आई आता घर पण बदलणार का गो?"

शेवटी त्याने केक उंच धरून लेकीला हाक मारली. दिशाने केककडे पाहिलंसुद्धा नाही. ती रांगत थेट प्रेमाकडे गेली, तिचा नवा पदर मुठीत धरला, दुसरा हात तिच्या खांद्यावर टेकला आणि लटपटत उभी राहिली.

हौसाने डोळे पुसले.

"धरून राहिली," प्रेमा म्हणाली. "सोडून राहू दे."

हौसा ताठ झाली. "दहा महिन्यांची पोर सोडून कशी राहील गो? डॉक्टरला इचार जा."

रेश्मा तोंडाला पदर लावून आत पळाली. हरेशने केक कापला, चहा झाला, लोक घरी गेले. प्रेमा मात्र तशीच बसून होती. पायाला मुंग्या आल्या होत्या. पण खांद्याला धरून पोर अजून उभी होती, आणि ती पडेल म्हणून प्रेमा हलत नव्हती.